चान्या

गाय, बैल, म्हैस इ. मोठ्या जनावरांच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, त्या उन्हात कडक वाळवून केलेला टिकाऊ खाद्यपदार्थ. मराठवाड्यात, विशेषतः पूर्वीच्या महार व मांग समाजांच्या वस्त्यांत, हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या प्रचलित होता. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हिंगोली जिल्हा याच प्रदेशात मोडतो. त्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके आहेत. मोठ्या जनावराचे मांस एकाच वेळी पुष्कळ लोकांच्या वाट्यास यावे आणि उरलेले नासू नये, या गरजेतून जगात अनेक ठिकाणी मांस वाळविण्याच्या व धुरविण्याच्या पद्धती निर्माण झाल्या. चान्या हे त्यांचे मराठवाड्यातील रूप होय. तथापि इतर देशांतील अशा पदार्थांचा इतिहास बहुधा पाककलेचा व व्यापाराचा आहे, तर चान्यांचा इतिहास गावगाड्याचा, अस्पृश्यतेचा आणि तिच्याविरुद्धच्या लढ्याचा आहे.

जागतिक पार्श्वभूमी : ताज्या, चरबीविरहित मांसात वजनाच्या सु. ७५ टक्के पाणी असते. या पाण्यामुळेच त्यात सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढतात. पाणी काढून टाकणे, मीठ लावणे आणि धूर देणे हे मांस टिकविण्याचे तीन प्राचीन उपाय आहेत. लाकडाच्या धुरातील फिनॉल वर्गातील द्रव्ये, सेंद्रिय अम्ले व फॉर्माल्डिहाइड यांमुळे मांसाच्या पृष्ठभागावरील जंतूंची वाढ रोखली जाते, चरबी लवकर खवट होत नाही आणि माश्याही दूर राहतात. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील लोकांचे ‘चार्की’, दक्षिण आफ्रिकेतील ‘बिल्टाँग’, उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे चरबी मिसळलेले ‘पेमिकन’ आणि तुर्कस्तानातील ‘पास्तिर्मा’ ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. भारतात नागालँडमध्ये चुलीवर टांगून धुरविलेले मांस आणि केरळात वाळवून कुटलेले गोमांस पारंपरिक आहारात आढळते. गोव्यातील ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाची ‘शोरीस’ धुरावर ठेवण्याची रीत आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्यात बैलाच्या छातीचा अखंड भाग मंद धुरावर दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ शिजवून मोठ्या समुदायास वाढण्याची पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे स्थायिक झालेल्या जर्मन व चेक खाटकांच्या दुकानांतून ती विकास पावली. छातीच्या भागात संयोजी ऊतक पुष्कळ असल्याने तो चिवट असतो. मंद उष्णतेने त्यातील कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटीन होते व मांस मऊ पडते. या पद्धतीचा हेतू मांस टिकविणे हा नसून निकृष्ट समजला जाणारा भाग रुचकर करणे व तो अनेकांना पुरविणे हा असतो. चान्यांमध्येही चिवट मांस व पुष्कळ खाणारे हाच प्रश्न होता. परंतु त्याचे उत्तर हवामान, इंधन आणि समाजरचना यांनी वेगळ्या रीतीने ठरविले.

हवामान व इंधन : धुरविण्याची पद्धत मुख्यतः थंड वा दमट प्रदेशांत वाढली, कारण तेथे केवळ उन्हावर मांस वाळत नाही. मराठवाड्यात मार्च ते मे या काळात हवा कोरडी असते आणि मे महिन्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा हवेत पातळ कापलेले मांस तीन-चार दिवसांत वाळते. शिवाय दहा-बारा तास धुमसत ठेवण्याजोगे लाकूड गावाबाहेरच्या वस्तीला परवडणारे नव्हते. गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या हेच तेथील नेहमीचे इंधन होते. त्यामुळे येथे धुराची जागा उन्हाने घेतली.

कृती : चान्या करण्यासाठी मांस स्नायूंच्या धाग्यांच्या दिशेने, शक्य तितके पातळ व लांब कापीत. चरबीचे भाग वेगळे काढीत. चरबी लवकर खवट होते हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, ती कढवून स्वयंपाकात तेलाऐवजी वापरीत. पट्ट्यांना मीठ व उपलब्ध असल्यास हळद लावून त्या दोरीवर किंवा काठीवर वाळत घालीत. कावळे, घारी व कुत्री यांपासून राखण करावी लागे. कडक वाळलेल्या चान्या मडक्यात भरून ठेवीत. पावसाळ्यात रोजगार नसताना किंवा भाजीपाला न मिळाल्यास त्या बाहेर काढीत. निखाऱ्यावर भाजून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाणे हा सर्वांत सोपा प्रकार होय. याशिवाय त्या भिजवून डाळीत किंवा भाजीत शिजवीत. रसा करावयाचा असल्यास ‘येसूर’ घालीत. भाजलेली धान्ये, डाळी व मसाले यांचे हे मराठवाड्यातील पीठ रसा दाट करते. त्यामुळे थोडे मांस अधिक माणसांना पुरते. जनावराचा कोणताही भाग वाया जात नसे. आतड्यांची ‘वजडी’ व रक्ताची ‘रक्ती’ हे पदार्थ त्याच दिवशी करावे लागत, कारण ते टिकत नाहीत.

वाटे व पंगत : मोठ्या जनावराच्या बाबतीत वाटणी हा केवळ रिवाज नसून ती एक निकड होती. उदाहरणार्थ, एखाद्या बैलापासून १०० किग्रॅ. मांस मिळाले व वस्तीत वीस घरे आणि शंभर माणसे असली, तर माणशी २०० ग्रॅम धरून एका दिवसात २० किग्रॅ. मांस संपते. उरलेले ८० किग्रॅ. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी खाण्यायोग्य राहत नाही. त्यातील ६० किग्रॅ. पाणीच असते. कडक वाळविल्यावर सु. २५ किग्रॅ. चान्या उरतात व त्या काही महिने टिकू शकतात. म्हणून मांसाचे घरटी सारखे वाटे घालीत. प्रत्येक घर आपल्या वाट्यातील काही मांस ताजे शिजवी व उरलेले वाळत घाली. पहिल्या दिवशी सर्व वस्तीचे जेवण व पुढील काही महिन्यांसाठी घरोघरची साठवण, असे या व्यवस्थेचे दुहेरी स्वरूप होते.

मांस मिळण्याचे प्रसंग मुख्यतः दोन होते. पहिला, गावात जनावर मरण्याचा; दुसरा, बळीचा. मरीआईसारख्या ग्रामदेवतांच्या जत्रेत, तसेच काही गावांत दसऱ्याला, रेड्याचा बळी देण्याची प्रथा होती. बळी गावाच्या वतीने दिला जाई. परंतु त्याचे मांस मुख्यतः गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे जाई. बेबी कांबळे यांच्या जिणं आमुचं (१९८६) या आत्मकथनात पश्चिम महाराष्ट्रातील महारवाड्याच्या अशा जत्रांचे तपशीलवार वर्णन आले आहे. देवतेच्या निमित्ताने सर्व वस्ती पोटभर जेवण्याचे वर्षातील ते मोजके प्रसंग असत.

मराठवाड्यातील मुस्लिम समाजातही मोठ्या जनावराच्या वाटणीची स्वतंत्र परंपरा आहे. बकरी ईदच्या कुर्बानीत मोठ्या जनावरात सात जणांपर्यंत भागीदार होऊ शकतात. मांसाचे तीन वाटे करून एक घरी, एक आप्तेष्टांना व एक गरिबांना देण्याचा प्रघात आहे. तथापि या परंपरेमागे धार्मिक विधी व स्वेच्छा होती, तर गावगाड्यातील अस्पृश्यांच्या वाट्यास आलेले मांस त्यांच्यावर लादलेल्या कामाशी जखडलेले होते.

गावगाडा व मृत जनावरांचा हक्क : बलुते पद्धतीत गावातील मेलेली जनावरे ओढून नेणे हे महारांचे काम मानले जाई. मोबदला म्हणून त्या जनावराच्या मांसावर त्यांचा हक्क असे. कातड्याच्या मालकीविषयी निरनिराळ्या भागांत निरनिराळे प्रघात होते आणि त्यांवरून तंटे होत. बीदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी आख्यायिका प्रसिद्ध असून मृत जनावरांवरील हक्क त्यांत गणला जाई. ॲलेक्झांडर रॉबर्टसन यांच्या द महार फोक (१९३८) या ग्रंथात या परंपरेची चर्चा आली आहे. महारांच्या इनाम जमिनीस ‘हाडकी-हाडोळा’ किंवा ‘हाडकी-हाडवळा’ म्हणत. या नावाचा संबंध मेलेल्या जनावरांची हाडे टाकण्याच्या जागेशी जोडला जातो.

ज्यास हक्क म्हटले जाई, ते वस्तुतः एक बंधन होते. जनावर ओढण्यास नकार देण्याची मुभा नव्हती, वेतन नव्हते, आणि मांस खाल्ल्याबद्दल पुन्हा अपवित्रतेचा शिक्का बसे. काम गावाने द्यावे, त्याचा मोबदला मांसाच्या रूपाने द्यावा आणि ते खाल्ले म्हणून माणसाला दूर ठेवावे, अशी ही चक्राकार रचना होती. दोरीवर वाळत घातलेल्या चान्या हे वस्तीची जात दुरूनच ओळखण्याचे चिन्ह ठरे. ब्रिटिश व निजाम राजवटींत जातींची वर्णने करणारे अनेक ग्रंथ निघाले. त्यांत आहाराची नोंद प्रामुख्याने जातीचा दर्जा सांगण्यासाठी झाली. तो आहार कसा टिकवीत, कसा शिजवीत आणि कसा वाटून घेत, याकडे बहुधा दुर्लक्षच झाले.

दुष्काळ व साथी : मांसाचा पुरवठा गावातील सुबत्तेवर नव्हे, तर बहुधा आपत्तीवर अवलंबून असे. १८७६–७८ व १८९९–१९०० या दुष्काळांनी दख्खनमधील पशुधनाची मोठी हानी केली. चारा-पाण्यावाचून जनावरे मरू लागली, की शेतकऱ्याचे कंबरडे मोडे; त्याच वेळी गावकुसाबाहेर मांसाची रेलचेल होई. परंतु ते मांस रोड जनावरांचे, निकस असे. शिवाय शेतीच बुडाल्याने बलुते व मजुरीही बुडे. अशा काळी मडक्यातील चान्या हाच अनेक कुटुंबांचा आधार होता. बुळकांडी या गुरांच्या साथीनेही एकाच वेळी पुष्कळ जनावरे मरत. (हा रोग भारतातून व पुढे जगातून नाहीसा झाला, जागतिक निर्मूलनाची घोषणा २०११ मध्ये झाली.) एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतात कातड्यासाठी जनावरांना विष घातल्याचा संशय चामड्याचे काम करणाऱ्या जातींवर वारंवार घेतला गेला. मेलेल्या जनावरांशी बांधलेल्या उपजीविकेची ही आणखी एक किंमत होती.

आरोग्याच्या दृष्टीनेही हा आहार निर्धोक नव्हता. जनावर कशाने मेले हे कळण्यास मार्ग नसे. सांसर्गिक काळपुळी या रोगाचे बीजाणू वाळविण्याने मरत नाहीत व साध्या शिजविण्यानेही त्यांच्या नाशाची खात्री देता येत नाही. असे जनावर सोलणाऱ्या, कापणाऱ्या माणसांनाही या रोगाची बाधा होऊ शकते. म्हणजे प्रथिनांचा जो एकमेव मुबलक साठा या समाजाला उपलब्ध होता, तोच जीवघेणा ठरण्याचा संभव असे.

त्यागाची चळवळ : बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६) यांनी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच झालेल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी पेहराव व शिक्षण यांबरोबरच हा प्रश्नही मांडला. घरात काय शिजते याचा निर्णय स्त्रियांच्या हाती असतो, हे या आवाहनामागील व्यवहारज्ञान होते.

या त्यागाचा अर्थ केवळ आहारशुद्धीचा नव्हता. वरिष्ठ जातींच्या चालीरीती उचलून दर्जा वाढविण्याच्या प्रक्रियेस समाजशास्त्रज्ञ एम्. एन्. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ ही संज्ञा रूढ केली. महारांनी मृतमांस सोडणे वरकरणी तसेच दिसते. परंतु येथे मांसाबरोबर ते काम, त्या कामाबरोबर वतन आणि वतनाबरोबर गावाची ताबेदारी सोडावयाची होती. म्हणूनच गावाचा विरोध मांस सोडण्याला नसून जनावरे ओढण्याचे नाकारण्याला झाला. असे केल्याने कातडे, शिंगे व हाडे यांपासूनच्या मिळकतीस मुकावे लागेल, असा हितोपदेशही करण्यात आला. आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात या आक्षेपाचा समाचार घेतला. मिळकत एवढी मोठी असेल, तर ती इतरांनी घ्यावी, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये त्यांनी मांडलेले वतनविषयक विधेयक हाही या लढ्याचाच भाग होय.

आंबेडकरांनी द अनटचेबल्स (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाविषयी जो सिद्धांत मांडला, त्यात गोमांसभक्षणास केंद्रस्थान आहे. पराभूत टोळ्यांतील विखुरलेले लोक वस्त्यांच्या सीमेवर राहत. त्यांनी बौद्ध धर्म सोडला नाही. आणि इतरांनी गोमांस वर्ज्य केल्यावरही ते मृत गाईचे मांस खात राहिले, म्हणून त्यांना अस्पृश्य ठरविण्यात आले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि एखादा आहार हीन का ठरतो, हा प्रश्न निसर्गाचा नसून इतिहासाचा आहे, ही दृष्टी त्यामुळे मिळाली.

हिंगोलीसह सर्व मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मुंबई इलाख्यातील कायदे व चळवळी यांचा प्रभाव येथे उशिरा व वेगळ्या मार्गांनी पोहोचला. कन्नडजवळील मक्रणपूर येथे ३० डिसेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या उपस्थितीत झालेली परिषद हा मराठवाड्यातील जागृतीचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. औरंगाबाद येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले व खेड्यापाड्यांतील दलित तरुणांना उच्च शिक्षण खुले झाले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातील महार समाज मोठ्या संख्येने बौद्ध झाला. मृतमांस व त्याच्याशी निगडित कामे सोडण्याचा निश्चय गावोगाव दृढ झाला. चान्यांची दोरी वस्तीतून उतरली, ती केवळ सुबत्ता आल्यामुळे नव्हे. अनेक घरांत तिच्या जागी दुसरे काही खावयास आलेले नसतानाच ती उतरविण्यात आली. या त्यागाचे मोल याच वस्तुस्थितीत आहे.

साहित्य व अभ्यास : दया पवार यांच्या बलुतं (१९७८) या आत्मकथनापासून मराठी दलित साहित्यात या अन्नजीवनाचे चित्रण प्रकर्षाने येऊ लागले. त्यापूर्वीच्या मराठी पाकविषयक लेखनात त्यास जवळजवळ स्थान नव्हते. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या खाद्यस्मृतींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. शाहू पाटोळे यांनी अन्न हे अपूर्णब्रह्म (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या पदार्थांची कृतींसह नोंद केली. त्याचे इंग्रजी भाषांतर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अन्नाला परब्रह्म मानणाऱ्या संस्कृतीने ज्यांच्या अन्नाची दखल घेतली नाही, त्यांची बाजू या ग्रंथाच्या शीर्षकातूनच सूचित होते.

या लेखनामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. जे अन्न स्वाभिमानासाठी टाकले, त्याची स्मृती स्वाभिमानाने जपावी काय? काहींना त्या आठवणी पुन्हा काढणे अपमानास्पद वाटते. अन्य काहींच्या मते लाज वाटावयाची ती खाणाऱ्यांना नव्हे, तर ती वेळ त्यांच्यावर आणणाऱ्या व्यवस्थेला. चान्या वाळवून दुष्काळात मुले जगविणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान हा या समाजाच्या इतिहासाचा भाग आहे, असे ते मानतात. हे दोन्ही दृष्टिकोन एकाच अनुभवातून आलेले असून त्यांपैकी कोणताही दुसऱ्यास खोटा ठरवीत नाही.

कायद्याची स्थिती : महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ अन्वये गाईच्या कत्तलीस बंदी झाली, बैल व वळू यांची कत्तल प्रमाणपत्र घेऊन करता येत असे. विधिमंडळाने १९९५ मध्ये संमत केलेल्या सुधारणा विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळून ते मार्च २०१५ मध्ये अंमलात आले व ही बंदी बैल आणि वळू यांनाही लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी कत्तलीवरील बंदी वैध ठरविली. मात्र राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम न्यायालयाने रद्द केले. म्हशीच्या मांसास ही बंदी लागू नाही. त्यामुळे जेथे कोठे चान्या अद्याप होतात, तेथे त्या म्हशीवर्गीय जनावराच्या, बाजारातून विकत घेतलेल्या मांसाच्या असतात. गावगाड्यातील सक्तीशी जोडलेल्या जुन्या चान्या आणि या चान्या यांत चवीचे साम्य असले, तरी त्यांच्यामागील संबंध मूलतः निराळे आहेत. पूर्वी मांस नाकारता येत नव्हते. आता ते खावे की न खावे, याची निवड खाणाऱ्याने कायद्याच्या मर्यादेत स्वतः करावयाची असते.